नाव द्या, सूचनापत्र मिळेल

एक वर्णन लिहायला मला आता अर्धा दिवस लागतो. ऑफिसात हसतात. हसू देत.

आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या पेशंटना फोन करून बाईच्या आवाजात विचारपूस करणारा एआय एजंट आम्ही दवाखान्यांसाठी चालवतो. फोन लावण्याआधी तो एका टूलकडून, म्हणजे आमच्याच एका छोट्या प्रोग्रॅमकडून, ऑपरेशनचं नाव देऊन सूचनापत्र मागवतो: काय विचारायचं, कशावर काय बोलायचं, फोन सरळ डॉक्टरांना कधी जोडायचा. सूचनापत्रात बदल केला की जुनं तसंच राहतं आणि नवी आवृत्ती नवा नंबर घेऊन जमा होते. ते टूल कसं वापरायचं, याचं वर्णन लिहायचं काम माझं. एजंट तेवढंच वाचतो आणि त्यावर चालतो.

मी पडले पेठेतली. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा म्हणजे उधळपट्टी. मी लिहिलं, 'नाव द्या, सूचनापत्र मिळेल.' दारावरच्या पाटीसारखं, सुटसुटीत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अहो, नंबर दिला नाही तर कुठली आवृत्ती मिळते, तेही लिहा की."

"ज्याला कळत नाही त्याने विचारावं."

"तो विचारत नाही, मॅडम."

"मग शिकेल!"

सगळे हसले आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

डोळ्यांच्या ऑपरेशनच्या सूचनापत्राची भाषा मला बरेच दिवस खटकत होती. एका संध्याकाळी मी मधल्या सगळ्या अटी काढून बाजूला ठेवल्या, नुसता नमस्कार आणि निरोप घासूनपुसून घेतला आणि तो अर्धवट मसुदा जमा करून घरी गेले. बाकीचं उद्या. आता, नंबर दिला नाही तर ते टूल सर्वांत शेवटी जमा झालेलं पत्र काढून देतं, डॉक्टरांनी मंजूर केलेलं असो वा नसो. मंजूर पत्राचा नंबर एजंटपाशी होता. पण तो द्यायलाच हवा, हे मी कुठे लिहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी साडेदहाला चहा घेत मी सकाळच्या फोनचे संवाद वाचायला बसले. तिसऱ्या संवादात पेशंट म्हणत होती, "अहो बाई, डोळा मेला पहाटेपासून ठणकतोय. समोरचं सगळं धुरकट दिसतंय."

एजंटचं उत्तर होतं, "काळजी घ्या. आराम करा. उद्या पुन्हा फोन करू."

कप खाली ठेवला. डॉक्टरांना फोन जोडायची अट मीच काढली होती. आणि तो 'मेला' माझ्या ओळखीचा होता. वरचा फोन नंबर पाहिला. आईचा.

परवाच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्याने तिला कैक वर्षं दिसत नाही. जिने, गॅस, पेपरातलं शब्दकोडं, सगळं या एकावर. सकाळी मी फोन केला तेव्हा म्हणाली होती, "एकदम मजेत आहे, तू तुझं काम बघ."

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. सहकाऱ्याला ओरडून सांगितलं, एजंट बंद कर, सकाळपासूनच्या सगळ्या पेशंटना दवाखान्यातून माणसाला फोन करायला लाव. स्कूटर काढली आणि सुटले. कात्रजला आईच्या घरापर्यंत मी देवाला नवस बोलत गेले, एरवी देवाला टोमणे मारणारी मी! बालाजीनगरच्या सिग्नलला रडले. शेजारचा रिक्षावाला बघत होता. बघू दे.

आईने दार उघडलं ते भिंत चाचपत.

"अगं, तू आत्ता? ऑफिस नाही?"

"डोळा दुखतोय?"

"छे गं."

"आई!"

"थोडा. पण फोनवरच्या बाईंना सांगितलंय सगळं. त्या म्हणाल्या, आराम करा. म्हणून पडले होते. किती गोड बोलतात बाई, नाहीतर तू."

मी तिला उचललीच म्हणायची. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला, दिवा जवळ आणून पुन्हा तपासला. मग म्हणाले, डोळ्यात जंतुसंसर्ग झालाय, लगेच आत घेतो. डोळा वाचेलच असं आत्ता सांगत नाही.

वाचला. पूर्वीइतकं स्वच्छ दिसत नाही तिला, पण शब्दकोडं भिंगाने सोडवते. बाकीचे पेशंट ठीक निघाले, तेही नशीब. आता त्या वर्णनात लिहिलंय: मंजूर आवृत्तीचा नंबर दिल्याशिवाय हे वापरू नये, न दिल्यास अपुरा मसुदा येऊ शकतो, नंबर ठाऊक नसेल तर फोन लावूच नये, माणसाला कळवावं. लांबलचक. चूक माझी होती, हे मी ऑफिसात उभं राहून सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही. हिंमत नाही.

त्या सकाळी धावत सुटताना मी तो संवाद शेवटपर्यंत वाचला नव्हता. चार दिवसांनी वाचला. शेवटी आई त्या बाईंना म्हणाली होती, "आणि हो, माझ्या मुलीला कळवू नका हं. ती फार कामात असते."