तिसऱ्या पायरीवरचं वायफाय

"पायरी धुवन काढ. मागीर जा."

आधी पायरी धू, मग जा, असं मला सांगितलं गेलं तेव्हा माझ्या हातात मोबाईल होता. मोबाईलवर नर्सिंगच्या प्रवेशाचं पान उघडत होतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. माझी सीट लागली होती आणि 'स्वीकार' असं एक बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. पाचच्या आत दाबलं नाही तर सीट पुढच्या मुलीला जाणार होती.

मी देवळाच्या अग्रशाळेच्या तिसऱ्या पायरीवर बसले होते. अग्रशाळा म्हणजे भक्तांनी उतरायची जागा. आमचं गाव डिचोली तालुक्यात, दोन डोंगरांच्या बेचक्यात. मोबाईलला रेंज नाही. मागे टॉवर येणार होता, पण वरच्या वाड्याने किरणांची भीती घालून तो परतवला. त्यांच्या घरात केबलचं इंटरनेट आहे, त्यांना टॉवर कशाला? आमच्या खालच्या वाड्यात केबल नाही. मग देवळाच्या समितीने अग्रशाळेत वायफाय बसवलं आणि दारात पाटी लावली, 'भक्तांसाठी मोफत.' मला ती पाटी खरी वाटली. चूक म्हणायची तर ती तेवढीच.

आमच्याकडे देवळाचे महाजन असतात. पिढ्यान्पिढ्या ज्यांची नावं देवळाच्या वहीत आहेत अशी वरच्या वाड्यातली घराणी. आम्ही सेवेकरी. माझा बाप पालखीपुढे दिवटी धरतो, त्याच्या आधी आजा धरायचा. पालखीपुढे आम्ही चालतो, पण अग्रशाळेच्या दुसऱ्या पायरीच्या वर आम्ही बसत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. लहानपणीच कळतं, चटका बसून विस्तव कळतो तसं.

साडेतीनपासून मी दुसऱ्या पायरीवरच होते. पान उघडेना. नुसतं गोल गोल फिरत होतं. शेवटी उठले आणि एक पायरी वर चढले. पान उघडू लागलं. तेवढ्यात समितीचे सेक्रेटरी आले. पायरी धुवायला त्यांनीच सांगितलं. त्यांना सगळे बाब म्हणतात. माझ्या बापापेक्षा वयाने लहान, पण बापाला अरेतुरे करतात.

मी म्हटलं, "बाब, पाच मिनिटां. माजी सीट वचतली."

"पयली पायरी. मागीर सीट."

मी तिथली बादली उचलायला गेले.

"ती नाका. तुज्या घरची हाड."

देवळाची बादली मला चालणार नव्हती, घरून आणायची होती. मोबाईल खाली ठेवायला सांगितला. मी तो माझ्या चपलांवर ठेवला. फुलं घेऊन आलेल्या दोन बायका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यातल्या एकीला मी दहावीपर्यंत शाळेत शेजारी बसवून गणितं शिकवली होती. ती फुलं निवडत राहिली.

आणि मी गेले. हे मला लपवायचं नाही. उतारावरून धावत घरी गेले, बादली भरली, सांडत सांडत वर आणली आणि पायरी धुतली. घासून धुतली. दाबून टाकायचं बटण आधी, मग काय करायचं ते कर, असं मला का सुचलं नाही? कुणी माझा हात धरला नव्हता. तो हात आतून कुणीतरी आधीच धरून ठेवला होता. मोबाईल उचलला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पानावर लिहिलं होतं, वेळ संपली.

घरी बापाने विचारलं, "तूं वयर चडलेंच कित्याक?"

मी वर चढलेच का, हे तो विचारत होता. त्या दिवशी मला सेक्रेटरीपेक्षा बापाचा जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी वायफायला पासवर्ड लागला. तो महाजनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. पाटी मात्र तशीच राहिली.

मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करायच्या कामाला लागले. माझ्याशेजारी बेळगावकडची सुरेखा बसायची. मोठ्या तोंडाची बाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हटलं, तो पासवर्ड मिळाला असता तर यंदाचा नर्सिंगचा फॉर्म गावातूनच भरता आला असता. ती डबा बंद करत म्हणाली, "पासवर्ड कशाला मागतेस त्यांच्याकडं? तुमच्या वाड्यात केबलचा खांब का नाही, ते विचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. वाड्यात कुणीच विचारलं नव्हतं. रेंज नाही हे आम्ही ऊन-पाऊस असल्यासारखं धरून चाललो होतो. रेशनला आधार जोडायला बसने साखळी शहरात जायचं, इस्पितळाचा नंबर लावायला साखळीला जायचं, मुलांचा निकाल बघायलाही बस पकडायची. जग हातात आलं म्हणतात. आमच्या हातात नुसता मोबाईल आला.

एक दिवस सुट्टी टाकून पंचायतीत गेले आणि फाईल मागितली. केबलवाल्यांनी आमच्या वाड्यासाठी खांब मंजूर केले होते. खांब देवळाच्या जमिनीतून यायचे होते. समितीने ना हरकत दिली नव्हती. कारण लिहिलं होतं, पावित्र्य. त्याच जमिनीतून, त्याच वर्षी, अग्रशाळेची केबल गेली होती. मी ते पत्र दोनदा वाचलं. मला रडू आलं नाही. इतकी वर्षं ज्याला नशीब म्हणत होतो त्याच्याखाली सही होती, शिक्का होता.

मी वाड्यात घरोघर फिरले आणि पंचायतीला अर्ज केला. बहुतेकांनी घाबरत घाबरत सही केली. बापाने सगळ्यात शेवटी केली, पण केली.

गेल्या मंगळवारी बाब आमच्या अंगणात आले. आईने पाणी पुढे केलं, ते घेतलं नाही. बापाला अर्ज मागे घ्यायला सांगू लागले, "अर्ज फाटीं घे. गांवांत फूट नाका." मग माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ. "तुजी यादी ह्या सप्तकांत लागतली न्ही? हांव तुका पासवर्ड धाडटां. तुका एकलेकूच. हेरांक सांगूं नाका."

या आठवड्यात लागणारी माझी प्रवेशाची यादी त्यांना ठाऊक होती. म्हणजे त्या दिवशी सीट गेली हेही ठाऊक होतं. इतरांना न सांगता पासवर्ड घ्यावा, असं वाटलं. खोटं कशाला बोलू? एक क्षण फार वाटलं.

मी म्हटलं, "माका पासवर्ड नाका, बाब. वाड्याक खांबे जाय."

ते बापाकडे बघू लागले. बाप खाली मान घालून उभा होता. तशीच मान ठेवून म्हणाला, "तिणें सांगलें तें तुमी आयकलें न्ही?"

बाब गेले.

यादी कुठल्याही दिवशी लागेल. कामाच्या ठिकाणी रेंज आहे, तिथे असले तर मला कळेल, घरी असले तर कळणार नाही. ही सीटही जाऊ शकते. मला भीती वाटते. गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, पण पासवर्ड मागायला जाणार नाही.

रविवारी ग्रामसभा आहे. आमच्या वाड्यातली बाई तिथे कधी बोललेली नाही. मी उभी राहणार आहे. समितीचं ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, 'पावित्र्य' या शब्दासकट. मग विचारणार आहे, खांब कधी. उत्तर लेखी मागणार आहे. बस म्हणतील, ओरडतील, माईक काढून घेतील. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत मी खाली बसणार नाही.