खेळ भिवंडीचा, कप खारबावचा

गफूरचाचांच्या काखेत कायम एक फुटबॉल असायचा. कारखान्यात, चहाच्या टपरीवर, अगदी लग्नाच्या जेवणातसुद्धा. जेवायला बसले की बॉल मांडीवर आणि बिर्याणीचं ताट बॉलच्या पलीकडे. "चाचा, बॉल खाली ठेवा की," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "ठेवतो. आणि मग उचलणार कोण, तू?" एकदा हातात आलेली वस्तू सोडायची नाही हा त्यांचा स्वभाव होता, आणि आमच्या टीमचं तेच दुर्दैव होतं.

चाचा भिवंडीचे जुने रहिवासी, वडिलोपार्जित छोट्याशा यंत्रमाग कारखान्याचे मालक. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला भारनियमनाने आमच्या शहराला रडवलं होतं. लाईट गेली की गल्लीतली खडखड एकदम थांबायची आणि त्या शांततेत चाचांचा आवाज घुमायचा, "चलो, बॉल!" धंदा बुडत असताना इतक्या आनंदाने ओरडणारा मालक मी दुसरा पाहिला नाही. कामगार बनियनवरच टेम्पोत चढायचे आणि टेम्पो वळ गावात आमच्या शेतावर यायचा. भात कापून झालं की ते शेत म्हणजे मैदान. मी शेतमालकाचा मुलगा, आणि बहुधा म्हणूनच टीमचा गोलकीपर होतो. चाचा मला गावावरून 'वळवाले' म्हणायचे.

"बॉल आपल्याकडे हाय ना? मग समोरचा गोल करणार कशाने, चपलेने?" हे चाचांचं शास्त्र. पास इकडून तिकडे, तिकडून इकडे, नुसता पास. गोलवर लांबून मारलेली किक त्यांना उधळपट्टी वाटायची. आमच्या सलीमच्या पायात भारी जोर होता. त्याने एकदा राहवलं नाही म्हणून किक मारली आणि बॉल बाहेर गेला. "दे दिया? घर का माल बाहर फेंक दिया?" म्हणत चाचा संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

त्यामुळे सामनाभर बॉल आमच्याच पायात असे. मला गोलमध्ये उभं राहून बगळे बघण्यापलीकडे काम नसे. शेवटी कधीतरी जवळच्या खारबाव गावच्या टीमला बॉल सापडे, एक लांब किक मारून ते धावत येत, आणि दिवसभरातलं ते एकच काम माझ्याकडून होत नसे. दरवर्षी आमच्या शेतावरच्या स्पर्धेच्या फायनलला हेच. "खेळ भिवंडीचा, कप खारबावचा," असं म्हणत लोक हसत घरी जायचे. चाचांना त्यातला पहिला अर्धाच ऐकू येत असावा, कारण ते मान डोलवायचे.

मग एका वर्षी माझे वडील शेताच्या बांधावर आले. "गफूरभाय, यंदा खेला. पुढच्या वर्साला हितं गोडाऊन हाय, मैदान न्हाय." टेम्पोत बसताना चाचा माझा खांदा दाबून म्हणाले, "वळवाले, या जमिनीवर एक कप तो बनता है रे." त्यांना काही मागताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

फायनलच्या आदल्या दिवशी मी कारखान्यात गेलो, तर चाचा एका बिघडलेल्या मागासमोर उभे होते. कापड गुंडाळणारा रूळ अडकला होता. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जोरात पळत होता, पण कापड पुढे सरकतच नव्हतं. सगळं सूत एकाच जागी थापलं जाऊन त्याची जाड पट्टी झाली होती. कामगार माग बंद करायला धावला, तर चाचांनी त्याला हाताने थांबवलं. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या कानाशी येऊन ओरडले, "ए वळवाले, ये देख! ही आपली टीम!"

फायनल खारबावशीच होती. आमचे पास सुरू झाले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि कडेवरून चाचांचा आवाज आला, "सलीम, मार!" हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. सलीम बॉल पायात धरून मागे वळून बघत राहिला, की खरंच चाचा बोलले की कुणी टिंगल करतंय! तेवढ्यात खारबावच्या पोराने त्याचा बॉल पळवला. "मेरे को क्या देखता है? गोल को देख!" चाचा किंचाळले. दुसऱ्या वेळी सलीमने बघितलं नाही. बॉल त्यांच्या गोलकीपरला कळायच्या आत जाळ्यात गेला होता.

त्यानंतर मात्र माझे हाल झाले. आमची माणसं पुढे पळायची आणि बॉल माझ्यावर यायचा. भाताच्या धसकटांनी कोपर सोलून निघालं, पण त्या दिवशी बॉल सुटला नाही. चाचांना मात्र ते बघवेना. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि शिट्टी वाजल्यावरच वळले. कप हातात घेऊन ढसाढसा रडले. आणि घरी जाताना, स्वभावाला औषध नाही, हळूच म्हणाले, "जिंकलो रे. पर खेळ उनका था."

शेतावर गोडाऊन उभं राहिलं, टीम पांगली. काही वर्षांनी चाचांचं एक अंग लुळं पडल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. खाटेवर, उशीशेजारी बॉल होताच. चांगल्या हाताने त्यांनी तो माझ्याकडे ढकलला. मी सवयीने परत त्यांच्याकडे ढकलला. त्यांनी तो अडवला आणि पुन्हा माझ्याकडे लोटला.

"परत नको. पुढं दे."

त्याच आठवड्यात ते गेले. दफनविधीहून आलो आणि बॉल घेऊन गोडाऊनवर गेलो. जेवणाच्या सुट्टीत हमाल पोरं आवारात एक रिकामी बाटली लाथाडत होती. मी बॉल त्यांच्याकडे टाकला. ती खूश झाली आणि पास देऊ लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोळे भरून आल्याने मला नीट दिसत नव्हतं, तरी राहवलं नाही.

"अरे, मार!" मी ओरडलो.