मतपेटी घरी आली त्या साली

लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. आता पंचेचाळिशी आलीय. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या खेड्यात दादा-वहिनीपाशी राहते, ब्लाउज शिवते. मतदान मात्र मी कधी चुकवलं नव्हतं. दादा मोटारसायकलवर बसवून शाळेपाशी न्यायचा आणि तो नि आणखी कुणीतरी मला उचलून पायऱ्या चढवायचे. चारचौघांत साडी सावरताना जीव नकोसा व्हायचा. तरी जायचे. चौथीपर्यंत त्याच शाळेत शिकले. गावातच दिलेल्या माझ्या दोन मैत्रिणी त्या दिवशी रांगेत हमखास भेटायच्या.

लोकसभेच्या आधी अंगणवाडीच्या बाई फॉर्म घेऊन आल्या. ज्यांच्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आहे, त्यांना आता घरूनच मत देता येणार होतं. माझ्या प्रमाणपत्रावर ऐंशी आहे.

"बरं झालं," दादा म्हणाला. "तुझा बी तरास वाचला."

सही कुठं करायची ते बाईंनी बोटानं दाखवलं. मी केली. मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे खरंच आहे.

ठरल्या दिवशी दुपारी चार माणसं आणि एक पोलीस आले. एकाच्या हातात कॅमेरा. वहिनीनं शिलाई मशीन बाजूला सरकवलं. त्यांच्यातल्या मुख्य साहेबांनी माझ्यापुढं पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला.

"ताई, तुम्ही कुणाला मत दिलं ते कोणालाच दिसणार नाही."

मी पेनानं खूण केली, कागद घडी करून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. माणसं चांगली होती. चहालाही थांबली नाहीत, अजून तीन गावं करायची होती.

ते निघाले तेव्हा मी विचारलं, "साहेब, मतदानाच्या दिवशी मी शाळेत आले तर चालंल का?"

"कशाला ताई? यादीत तुमच्या नावापुढं खूण झाली. तिथं आता मत देता येणार नाही."

मत द्यायला नव्हते येणार. पण ते सांगेपर्यंत साहेब उंबरा ओलांडून गेले होते.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला घर रिकामं झालं. मी एका ब्लाउजच्या बाह्या जोडल्या. वहिनी शाई लावलेलं बोट दाखवत परत आली.

"औंदा शाळेला उतार बांधलाय. चाकाची खुर्ची बी ठेवली होती."

"कोण बसलं तिच्यात?"

"कोणी न्हाई. पोलीस बसला होता. तुझ्या मैत्रिणी इचारत होत्या, ती का न्हाई आली? मी म्हटलं, तिचं घरीच झालं."

राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. रडूही आलं नाही. बाह्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या, त्या उसवत बसले.

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तिला ही घरची सोय नव्हती. दादानं सकाळीच मोटारसायकल काढली आणि दारातून विचारलं, "चलतीस ना?"

"राहू दे," मी म्हणाले.

का म्हणाले, मला अजून नीट सांगता येत नाही; एकदा माझ्यावाचून तिथलं सगळं पार पडलं होतं, एवढंच. त्यानंही पुन्हा विचारलं नाही. वहिनीला मागं बसवून तो गेला.