हक्कसोडपत्रामागे कोल्हापूरला

मुलींना वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा देणारा कायदा येऊन वर्ष झालं, तरी बहिणी भावांना हक्कसोडपत्रं लिहून देतच होत्या. का देतात, हे पुण्याच्या ग्रंथालयात बसून मला कळेना. प्रबंध अडला होता. शेवटी रात्रीची एसटी पकडली.

कोल्हापूर स्टँडवर उतरून आधी मिसळ हाणली. तिखट सोसत नसेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बोलायची सोय राहत नाही. वारणानगरची बस तिथूनच मिळते. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. शेजारच्या आजोबांनी मी कायदा शिकवते हे काढून घेतलं, मग लेकीच्या सासरची सगळी केस ऐकवली. खिडकी मात्र सोडली नाही.

मुक्काम साखर कारखान्याच्या कामगार वसाहतीत शालनअक्कांकडे होता. धाकट्या भावासाठी हक्कसोडपत्रावर त्यांची सही सोमवारी व्हायची होती. लग्नाआधी ज्या रानात तण भांगललं ते रान त्यांना हवं होतं, आणि माहेरही. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वाटा मागितला की भाऊ तुटतोय. मग पंचमीला कुनाच्या दारात जाऊ?" मी कलम सांगायला लागले, तर त्यांनी ताटात भाकरी वाढली. फार ओशाळले.

रविवारी त्यांच्या माहेरच्या समाजमंदिरात माझा कायद्याचा वर्ग होता. भाषणाला लोक जांभया देऊ लागले, तेव्हा मी खोटी सुनावणी मांडली. त्यात अक्का झाल्या भाऊ, आणि त्यांचा धाकटा भाऊ तानाजी झाला बहीण. त्यानं टॉवेलाचा पदर घेतल्यावर सगळे खिदळले.

"सही कर. दिवाळीला साडी घेतो," अक्का दरडावून म्हणाल्या.

"साडीत ऊस लावू व्हय? मी बी बाचीच लेक हाय की!" तानाजी फणकारला. मग डोक्यावरचा टॉवेल काढून त्यानं तोंड पुसलं. कुणीच हसलं नाही.

मला बसस्टॉपवर सोडायला दोघंही आले. वाटेत तो अक्कांना एवढंच म्हणाला, "सोमवारी कचेरीत येऊ नको. मोजणी करून घिऊ."

पुण्यात परतून प्रबंध लिहायला बसले, पण माहेरचं काय झालं ही धाकधूक जाईना. श्रावणात न राहवून अक्कांना फोन केला. वाट्याची जमीन त्यांच्या नावावर झाली होती. तानाजी बोलतो ना, मी भीत भीत विचारलं.

"बोलतोय कुठला, भांडतोय! मी बांध कोरला म्हनं. शेजारचे भाऊ-भाऊ भांडत्यात तसं भांडतोय आमी," अक्का खुशीत म्हणाल्या. "उद्या पंचमीला न्यायला येनार हाय. उरलेलं तिकडं जाऊन भांडतो."