पंधरा किलोपर्यंत

गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्याची अठरा वर्षं गेली. लोक त्याला सीटवालाच म्हणत. सासुरवाडीतसुद्धा जावई ही ओळख मागे पडून तेच नाव चिकटलं होतं. गिऱ्हाईक गाडीतून उतरून चार पावलं चाललं की हा बसल्या जागेवरून सांगे, तुमच्या सीटचा फोम बसलाय, कंबर धरत असेल. आणि ते खरं निघे. माणूस कसा बसतो हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि त्याच्याच पोराला बसता येत नव्हतं.

पोर सव्वादोन वर्षांचं. मान कशीबशी धरली होती, पाठ मात्र ओल्या फडक्यासारखी. टेकवलं की कलंडलंच. ‘वेळ लागेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला काहीच म्हणाल्या नाहीत, नुसता कागद लिहून दिला. त्यांचं ते गप्प राहणं सीटवाल्याच्या काळजात रुतून बसलं. बायकोला ते उमगलं की नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

बाळाला जेवायला बसवायची उंच खुर्ची तिने धाकट्या जावेकडे पाहिली. जावेचं बाळ नऊ महिन्यांचं, सगळ्यांच्या बरोबरीने टेबलाशी बसून चमचा आपटत होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, की आपणच पोराला मांडीवर घेऊन घेऊन लाडोबा केलाय, खुर्चीत बसवलं तर पाठीला वळण लागेल. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर चांगली चार पायांची खुर्ची होती. त्याने मान डोलावली.

खुर्ची घ्यायला गेले, तेव्हा दुकानातल्या बाईंनी बाळाचं वय विचारलं. बायकोने दहा महिने ठोकून दिलं. पोर अंगाने बारीक, त्यामुळे खपलं. दाढा आलेल्या होत्या, पण तेवढं तोंड त्याने उघडलं नाही.

सीटवाल्याने एकेक खुर्ची उलटीपालटी केली, अंगठ्याने फोम दाबला, पट्ट्यांची शिलाई ओढून पाहिली. ते पाहून दुकानातल्या बाई म्हणाल्या, “दादा, खुर्ची घ्यायला आलात की धाड घालायला?” बायको खुदकन हसली. कित्येक दिवसांत हसली नव्हती.

लाकडी खुर्चीत पोर खाली घसरलं. बैठकच गुळगुळीत आहे, बायको म्हणाली. दुसरीत आडवं झालं, तर ती म्हणे ऐसपैस आहे, म्हशीला पुरेल. तिसरीला खांद्यावरून, कमरेतून आणि पायांमधून पट्टे होते. ते आवळल्यावर पोर खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखं त्यात लोंबत राहिलं. सीटवाल्याने गुडघ्यावर बसून सगळं तपासलं. पाठीचा कल बरोबर, फोम घट्ट, पट्टे नेमके हवे तिथे. इतकी बिनचूक बैठक त्याने स्वतः कधी शिवली नव्हती. आता दोष द्यायचा तो कुणाला?

हाताला सवय होती, म्हणून त्याने वाकून बैठकीखाली चिकटवलेला कागद वाचला. पंधरा किलोपर्यंत. आणि प्रत्येक गाडीवाल्याशी बोलताना जसं सहज तोंडात येई, तसंच आलं. “तीस-चाळीस किलो पेलेल अशी नाही का?”

दुकानातल्या बाईंना गंमत वाटली. “अहो दादा, तोवर पोरगं शाळेत पळेल. तेव्हा कशाला लागतेय ही?”

“लागेल,” तो म्हणाला. खाली वाकलेलाच होता.

पट्टा सोडवणारे बायकोचे हात थांबले. दुकानातल्या बाईंना काही कळलं नाही, त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. बायकोने आवाज अगदी बारीक केला.

“किती वर्षांचा हिशेब मांडून ठेवलाय तुम्ही?”

चुकून बोललो, म्हणाला असता तर कदाचित तिने मानलंही असतं. पण तो खालचा कागदच पुन्हा वाचत राहिला. तिने पोराला खांद्यावर घेतलं, पदर सारखा केला, आणि काउंटरशी जाऊन सांगितलं, “ही पंधरा किलोवाली द्या.”

खोका त्याने डोक्यावरून आणला. खुर्ची जोडूनही दिली. पण त्या दिवसापासून तो घरात असला की ती पोराला तिच्यात बसवेना. पोर कलंडलेलं त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तो कामावरून येई तेव्हा खुर्ची पुसून भिंतीशी लावलेली असे आणि पोर तिच्या मांडीवर घास खात असे.

एकदा त्याने हात धुता धुता विचारलं, “बसला होता का आज?”

“छान बसला,” ती म्हणाली. “बराच वेळ.”

तिने पोराच्या हनुवटीवरचं खरकटं पुसलं, वर काही पाहिलं नाही. तो ताट ओढून जेवायला बसला.