जिच्या हातून सुटला, तिच्याच हाती

देवरे सरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. माझी मुलगी त्यांच्याकडे नुकतीच बेसबॉल शिकू लागली होती आणि मी रेषेबाहेर उभा राहून तिच्या नावानं बोंबलत होतो. सर जवळ आले. म्हणाले, "साहेब, आवाज दणदणीत आहे तुमचा, पण पोरीला चेंडू दिसेनासा झालाय. त्यापेक्षा संघाची गाडी, डबे, पाणी बघता का?" माझा द्वारका चौकात ट्रान्सपोर्टचा धंदा, गाडी वेळेवर सुटली नाही की माझं डोकं फिरतं. अशा माणसाला त्यांनी मुलींच्या संघाचा व्यवस्थापक केलं. मुलगी खेळ सोडून नोकरीला लागली, मी मात्र अजून तिथंच येरझारा घालतोय. सरांच्या साठीनिमित्त लिहायला बसलोय खरा, पण हा परिच्छेद होईतो दोनदा उठून आलो.

सर मूळचे सटाण्याकडचे. एरवी शुद्ध बोलतात, माया दाटली की अहिराणीवर येतात. त्यांच्या संघाची एक रीत आहे. कुणाच्या हातून झेल सुटला, तर पुढचा चेंडू टाकण्याआधी तो एकदा त्याच मुलीकडे फेकायचा. तिनं तो नीट धरायचा, मग तो पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणारीकडे जायचा. सुटलेला चेंडू डोक्यात घेऊन कुणी उभं राहू नये, असं सर म्हणतात. मला हे वेळ घालवणं वाटायचं. कधी कधी अजूनही वाटतं.

कोमल नावाची मुलगी या रीतीची मोठी गिऱ्हाईक! मखमलाबादकडे तिच्या वडिलांची झेंडूची शेती. पाय चपळ, पण उंच आलेला चेंडू हातात थांबेल तर शपथ. हंगामाच्या सुरुवातीला वडिलांनी तिला घरी ठेवून घेतलं, तेव्हा सर मला घेऊन त्यांच्या मळ्यात गेले आणि सरळ फुलं तोडायला लागले. बाजारभाव, पाणी, खत, सगळं बोलून झालं. खेळाचं अवाक्षर नाही. मी बांधावर चुळबुळत होतो. शेवटी वडीलच म्हणाले, "सर, लय दिवस झाले, तिचं खेळात काय व्हत नाय. राज्याच्या संघात नाव आलं तर ठीक, नाय तर हे शेवटचं साल." सर म्हणाले, "चालेल. उद्या पाठवा."

आणि मग तो सामना आला. कोमलच्या हातून झेल सुटला, तिनं चेंडू उचलून आत फेकला. समोरच्यांची एक खेळाडू शेवटच्या बेसवर टपून उभी होती. आमच्या मुलींनी सवयीनं, पंचांकडे टाइम, म्हणजे खेळ थांबवायची परवानगी, न मागता, तो चेंडू पुन्हा कोमलकडे लांब भिरकावला. ती खेळाडू आरामात धावत होम प्लेटवर आली, त्यांची धाव झाली आणि आम्ही हरलो. जगात दुसरा कुठला संघ असा हरला नसेल! संघ चालवणाऱ्या समितीच्या बैठकीत एकच सूर होता, कोमलला काढा आणि ही रीतही बंद करा. सर्वांत मोठा आवाज अर्थातच माझा. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. म्हणाले, "टाइम मागायला मी शिकवलं नव्हतं. चूक माझी. उद्यापासून शिकवतो." बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई कसाले करस, भाऊ?" त्या प्रश्नाचा राग मला आठवडाभर पुरला.

राज्याच्या निवड सामन्याला सर नव्हते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, डॉक्टरांनी दटावून झोपवलेलं. संघ माझ्या हाती. कोमलचे वडील पहिल्यांदाच सामना बघायला आले होते, आणि त्यांच्यासमोरच तिनं झेल सोडला. माझा हात बदली मुलीला बोलवायला वर गेला होता. तेवढ्यात मुलींनी पंचांकडे टाइम मागितला आणि चेंडू कोमलकडे गेला. तिनं तो धरला, शर्टाला पुसला, पिचरकडे फेकला. मी हात खाली घेतला. खाली बसलोसुद्धा. किती जड गेलं, ते माझं मलाच ठाऊक.

निवड झाली, त्यात कोमलचं नाव नाही. मी वडिलांपुढे जायचं टाळत होतो, तेच आले. म्हणाले, "हातून टोपली सांडली तर मी पोरीला पुन्हा उचलू देत नाय, हिसकून घेतो." मग मैदानाकडे हात करून म्हणाले, "नाव नाय आलं तर नाय. पुढल्या साली बी पाठवतो." माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी गाडीवाल्यावर उगाच ओरडलो.

सर, साठी झाली म्हणून समिती तुम्हाला शाल देणार आहे आणि हळूच संघ माझ्या गळ्यात टाकणार आहे, असं कानावर आलंय. शाल घ्या, संघ देऊ नका. तुमच्यावर आम्हा सगळ्यांचा जीव आहे. गुडघा लवकर बरा होवो, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या पोरींच्या हातून अजून पुष्कळ झेल सुटायचे आहेत, आणि मला एका वेळी एकाच झेलापुरतं बसता येतं.