घोट्याचे आठ अंश

दीना उजागरे आकडा वाढवून लिहीत नाही, हे नगरच्या मिशन दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हाडांच्या ऑपरेशननंतर रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायचा आणि सांधा किती हलतो ते मोजायचं, हे तिचं काम. त्यासाठी एका स्क्रूनं जोडलेल्या दोन पोलादी पट्ट्या आणि मधे अंश कोरलेली चकती असं कोनमापक तिच्याजवळ असे. एक पट्टी नडगीला लावायची, दुसरी पावलाच्या कडेला, आणि आकडा वाचायचा.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मात्र तिनं एकदा आकडा वाढवला होता. छबूबाई नावाची ऊसतोडीची बाई टोळी निघाली म्हणून रडत होती. दीनानं तिच्या घोट्याच्या सात अंशांचे बारा केले, आणि तिला कामावर जायची परवानगी मिळाली. महिन्याभरानं छबूबाई बैलगाडीतून परत आली ती सुजून टम्म झालेला घोटा घेऊन. पुढं तिचं ते पाऊल कधी नीट टेकलं नाही. दीनानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, आपल्या आईलासुद्धा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडचा कानिफनाथ ढाकणे तिच्याकडे आला. एसटीचा ड्रायव्हर. आटलेल्या विहिरीतला गाळ काढताना शिडीवरून पडून त्याचा उजवा घोटा मोडला होता. ऑपरेशन होऊन दोन स्क्रू बसले, प्लास्टर निघालं, पण सांधा आखडला. काटकोनातून पाऊल वर उचलायला गेलं की तीन अंशांवर अडायचं. अडीच महिने तो रोज येऊन घाम गाळत होता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दहा अंश झाले तर गाडी चालवायचा दाखला देतो. नाहीतर नाही. मागं पन्नास माणसं बसलेली असतात." शनिवारपर्यंत दाखला आला नाही, तर त्याला ड्रायव्हरकीवरून काढून आगारात गाड्या धुवायला लावणार होते.

शुक्रवारी सकाळी तो बायकोला, राहीबाईला, घेऊन आला. टेबलावर पाय लांब करून बसला. दीनानं पट्ट्या लावल्या. त्यानं दात खाऊन पाऊल ओढलं, पण चवडा बाहेर वळवून.

"चवडा सरळ ठेवा, कानिफभाऊ. मी घोटा मोजतेय."

त्यानं चवडा सरळ केला.

"आठ."

"पुन्यांदा बघा."

तिनं तीनदा मोजलं. आठच.

राहीबाई खाली वाकून दीनाच्या पायाला हात लावायला लागली. "दोनच अंश वाढवून लिवा की बाई. आमी कुनाला सांगतोय?"

"ते मला जमणार नाही."

"का न्हाई?" कानिफनाथ ओरडला. "अठरा वर्सं गाडी हाकतोय मी! एकदा कुनाला खरचटलं न्हाई. आन तुमची ही पट्टी मला शिकवनार?"

दीनानं कागदावर आठ लिहिले आणि पाठ फिरवली. तो तसाच लंगडत बाहेर गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून तो चप्पल चढवत होता. गुडघा वाकलेला, टाच जमिनीवर. दीनाचं सहज खिडकीतून लक्ष गेलं आणि ती थबकली. पाऊल आत्ता टेबलावर उचललं होतं त्याहून बरंच वर आलं होतं.

ती धावत बाहेर गेली. "भाऊ, हलू नका. तसेच बसा."

"आता काय ऱ्हायलंय?"

तिनं फरशीवर बसूनच पट्ट्या लावल्या. तेरा. गुडघा सरळ करून मोजलं, आठ. पुन्हा वाकवून, तेरा. सांधा मोकळा झाला होता. आखडली होती ती पोटरी, आणि गुडघा वाकला की ती सैल पडत होती.

डॉक्टरांपुढं तिनं दोन्ही आकडे ठेवले. "गाडी चालवताना गुडघा वाकलेलाच असतो ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी कागद वाचला. मग म्हणाले, "आकडा ठीक आहे. पण ताकद?" आणि त्यांनी दवाखान्याच्या बंद जीपकडे बोट दाखवलं. "पन्नास वेळा ब्रेक दाबायचा. जोरात. दर वेळी पाय पूर्ण उचलायचा."

दीना उघड्या दाराशी उकिडवी बसून त्याच्या टाचेकडे बघत मोजू लागली. पंचविसापर्यंत ठीक चाललं. तिसाव्याला पाय थरथरला. अडतिसाव्याला तो थांबला, डोळे मिटले. राहीबाईनं पदर तोंडात धरला. दीनाला वाटलं, संपलं. घोटा सुजला तर तो आपणच पुन्हा मोडल्यासारखं होईल.

"दुखतंय का? खरं सांगा."

"पोटरी भरून आली. घोटा न्हाई." त्यानं पाऊल पुन्हा उचललं. "एकोनचाळीस, म्हना."

पन्नास झाले. अर्धा तास त्याला निजवून तिनं गुडघा वाकवून पुन्हा मोजलं. बारा. सूज नव्हती.

डॉक्टरांनी सही केली, पण दोन महिने जवळच्याच फेऱ्या आणि दर पंधरवड्याला तपासणी, अशी अट घातली. कानिफनाथ तपासणी एकदाही चुकला नाही. पहिल्या खेपेला तो दीनाला म्हणाला, "त्या दिशी लई बोललो, बाई."

"बोललात," ती म्हणाली. "पाय वर घ्या."

त्याच दिवशी, त्याची पोटरी दाबता दाबता, तिनं पहिल्यांदा कुणालातरी छबूबाईची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यानं चवडा आपण होऊन सरळ केला.